मोरीखालची शेजारीण

माझा मेव्हणा प्रोकोलो हा अख्ख्या पोत्सुओलीतला सगळ्यात अडेल माणूस. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. त्याच्यापायी माझी मुकादमाची नोकरी गेली, आठ महिने मी बायकोची बोलणी खात घरी बसलो, आणि तरीही कुणी त्याच्याविषयी वाकडं बोललं तर मी बाह्या सरसावतो. का, ते सांगतो.

प्रोकोलो प्लंबर. तोट्या बदलणारा नव्हे, जमिनीखालचा. सांडपाणी कुठून निघेल, कुठे वळेल आणि कुठे बाहेर पडेल, हे आमच्या भागात त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. नवा पाइप टाकला की तो त्यात बादलीभर पाणी ओततो आणि जमिनीला कान लावून आडवा होतो. दुसऱ्या टोकाला पाणी पडल्याचा आवाज आला की मगच उठतो. तोवर कुणी बोललेलं चालत नाही. एकदा एका शाळेच्या कामावर खुद्द बिशप आले होते, तर या गड्याने पडल्यापडल्या ओठांवर बोट ठेवून त्यांनाही गप्प केलं.

तो जन्मला रिओने तेर्रात, म्हणजे समुद्रावरच्या कड्यावरच्या आमच्या जुन्या वस्तीत. आमच्या गावाखालची जमीन कधी वर येते, कधी खाली बसते. भिंतीला तडा गेला तर आम्ही त्यावर कॅलेंडर लावतो आणि कामाला लागतो. पण सत्तर सालच्या मार्चमध्ये सरकार घाबरलं. सकाळी सकाळी सैनिकांचे ट्रक आले आणि माणसं गाद्यांसकट वर चढवली. प्रोकोलो तेव्हा तेवीस वर्षांचा. त्याच्या आईने एका शिपायाला विचारलं, "पोरा, आम्हाला कुठे नेताय?" शिपाई म्हणाला, "आधी चढा आजीबाई, मग कळेल." ती आजी नव्हती, पंचेचाळीस वर्षांची होती. दहा महिन्यांनी परक्याच्या खोलीत मेली, तोपर्यंत तिला कळलंच नव्हतं. त्या ट्रकमध्ये प्रोकोलोने शपथ घेतली, की आता एक घर बांधीन आणि त्यातून मला कुणी हलवू शकणार नाही.

ते घर त्याने एकाहत्तरच्या ईस्टरच्या सुट्टीत बांधलं. ईस्टरला तीन दिवस पालिकेचे शिपाई घरी कोकराचं मटण हाणत बसतात, आणि आमच्याकडे छप्पर चढलं की घर झालं. परवाना वगैरे नंतर बघू. निम्मं गाव असंच उभं आहे, माझं घरसुद्धा. मी तेव्हा नुकताच त्याच्या बहिणीच्या, तितीनाच्या मागे लागलो होतो, म्हणून फुकटात घमेली उचलायला होतो. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या जागी खणताना एक भाजलेल्या मातीचा पाइप सापडला, जमिनीत सरळ उभा. प्रोकोलोने त्यात बादली ओतली. पाणी गटागटा खाली गेलं.

"बघ बियाजो!" तो नाचायलाच लागला. "संत प्रोकोलोने आपल्या नावाच्या माणसाला तयार मोरी पाठवली!"

घाई होती, छप्पर राहिलं होतं. त्याने दगडी सिंक त्या पाइपावर बसवलं आणि सिमेंट थापलं. कान लावला नाही. आयुष्यात त्याने कान न लावता सोडलेला हा एकच पाइप. आमची जमीन ज्वालामुखीच्या राखेची, कितीही पाणी पिते. ती मोरी कधी तुंबली नाही. पुढची अठ्ठावीस वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला आम्ही संताच्या मोरीची कथा ऐकली. संडासाचा पाइप तेवढा दुसरीकडे होता, हे देवाचे उपकार.

नव्याण्णव सालचा मे महिना. गावाबाहेर एका लिंबाच्या बागेत चार मजली इमारत उभी राहणार होती. मालक होता रुओप्पोलो, मी मुकादम, आणि सांडपाण्याचं काम प्रोकोलोकडे. गुरुवारी पायात काँक्रीट पडायचं होतं. मंगळवारी सकाळी जेसीबीच्या दातांनी एक खापराचा पाइप उघडा पाडला. जमिनीत सरळ उभा.

"अरे, हा तर माझ्या मोरीचा सख्खा भाऊ!" प्रोकोलो ओरडला. सगळ्या कामगारांना त्याने बोलावलं, संताची कथा पुन्हा एकदा ऐकवली, आणि बादली ओतली. या वेळी मात्र सवयीने आडवा झाला.

तो बराच वेळ उठला नाही. मी म्हटलं, "झोपलास काय?"

"गप." मग उठला, कपड्यांची माती न झटकता. "बियाजो, हे पाणी बाहेर कुठेच पडत नाही. खाली पोकळ आहे. कौलावर पडून पसरतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे ही मोरी नाही. बिनतोंडाचा पाइप कुठलाही प्लंबर घालत नाही, दोन हजार वर्षांपूर्वीचा मूर्ख प्लंबरसुद्धा घालणार नाही."

त्याने फावडं बाजूला टाकलं आणि हातांनी माती काढायला लागला. खाली मोठी चपटी कौलं निघाली, दोन्ही बाजूंनी एकमेकांना टेकवून तंबूसारखी उभी केलेली. एका कौलावर कुत्र्याच्या पंजाचा ठसा होता, कौल ओलं असताना उमटलेला. कडेचं कौल त्याने अलगद उचललं. आत जबडा होता, दात सगळे जागेवर. पाइप थेट त्या तोंडाच्या वर येऊन थांबला होता.

कामगारांनी छातीवर क्रूस केला. मी घड्याळ बघितलं. मुकादम तेच करतात. आज कबूल करतो, त्याआधी माझ्या कामांवर अशा तीन कबरी निघाल्या होत्या आणि तिन्ही मी झाकल्या होत्या. पुरातत्त्व खात्याला कळलं की काम वर्षभर बंद, आणि बंद कामावर मुकादम लागत नाही.

रुओप्पोलो तासाभरात आला. खड्ड्यात वाकून बघितलं, रुमालाने मान पुसली. "काय सापडलं?"

त्यानेच उत्तर दिलं, "जुनी मोरी सापडली. वाळू टाका, दाबून घ्या. गुरुवारी काँक्रीट." आणि माझ्याकडे बघून, "कळलं ना मुकादम?"

मी मान हलवली. प्रोकोलो खड्ड्याच्या काठावर पाय आत सोडून बसला होता. त्याचं मालकाकडे लक्षच नव्हतं.

"बियाजो, किती वाजले?"

"एक."

"घरी रुसिनेल्ला आत्ता पास्त्याचं पाणी ओतत असेल," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा पांढरा झाला की मला वाटलं झटका आला. दुसऱ्या क्षणी तो आपल्या तीनचाकी टेम्पोकडे पळत होता. मी व्हॅन घेऊन मागे.

मी दारात पोचलो तेव्हा त्याची बायको रुसिनेल्ला दोन्ही हातांत वाफाळतं पातेलं घेऊन सिंकपाशी उभी होती, आणि प्रोकोलोने सिंकच्या भोकावर आपला उघडा हात ठेवला होता. पाणी निम्मं ओतून झालं होतं. हाताची पार वाट लागली.

"वेडा झालास का रे!" ती किंचाळली. "हात काढ!"

"ओतू नकोस. खाली माणूस आहे."

"कुठे खाली?"

"मोरीखाली. पाइप त्याच्या तोंडात जातो."

रुसिनेल्लाने पातेलं ठेवलं, ती स्टुलावर बसली आणि तिने हिशेब केला. आमच्या बायकांची एक श्रद्धा आहे. मेलेल्यांचे आत्मे स्वर्गाआधी आगीत तापत असतात आणि वरच्या माणसांकडे थोडा थंडावा मागतात. ज्यांचं कुणी नाही अशांसाठी तर जास्तच करायचं. रुसिनेल्ला दर सोमवारी त्यांच्यासाठी मेणबत्ती लावायची, एक सोमवार चुकला नव्हता.

"अठ्ठावीस वर्षं," ती म्हणाली. "रोज दुपारी. देवळात जाऊन म्हणते, बाबांनो तुम्हाला थंडावा मिळो, आणि घरी येऊन त्यांच्याच घशात उकळतं पाणी! मिठाचं! प्रोको, तुझ्या संताने हीच मोरी पाठवली का रे?"

मला हसू येत होतं. प्रोकोलो हाताला पीठ फासून घेत नुसता त्या भोकाकडे बघत होता.

संध्याकाळी उजेड असतानाच रुओप्पोलो घरी आला. हातात गरम स्फोल्यातेल्लांचा खोका. मिठाई घेऊन येणारा मालक हा ओरडणाऱ्या मालकापेक्षा वाईट, हे मला वीस वर्षांच्या नोकरीत कळलं होतं. मी तिथेच होतो. त्याने मला पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"प्रोकोलो, तुझ्या हाताचं ऐकलं. वाईट झालं. आता आराम कर, पंधरा दिवस भरपगारी. खड्डा आम्ही बुजवतो."

"बुजवू नका मालक. मी उद्या खात्यात जाणार."

"जा ना." रुओप्पोलो खुर्चीत मागे रेलला. "पण संताच्या मोरीची कथा तू सगळ्या गावाला सांगितली आहेस. म्हणजे तुझ्याही घराखाली आहे. ते लोक इथे येणार, पहिला प्रश्न विचारणार, घराचा परवाना दाखवा. आहे का रे परवाना?"

रुसिनेल्लाने मिठाईचा खोका उघडला नव्हता, तो तिने हळूच टेबलाच्या कडेला सरकवला.

"तुझ्या भल्याचं सांगतो," रुओप्पोलो म्हणाला. "हे घर पाडतील. एकदा ट्रकमध्ये बसलास, तेवढं पुरे झालं नाही का?"

हे बोलायला नको होतं. मी प्रोकोलोला चाळीस वर्षं ओळखतो, तो ओरडेल असं मला वाटलं. तो ओरडला नाही.

"परवाना नाही," तो म्हणाला. "खाली जो कोणी आहे तोही माझ्या आधीपासून विनापरवाना राहतोय. तुम्ही उद्या पालिकेला सांगणार ना? तसदी घेऊ नका, मीच सांगतो. आणि हा खोका न्या, आमच्या घरी सुतक आहे."

मालक गेल्यावर मी त्याच्यावर तुटून पडलो. "अरे गाढवा, घर जाईल! माझी नोकरी जाईल! कुणासाठी? दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसासाठी?"

"तू किती झाकल्यास बियाजो?"

"तीन."

"त्यांना विचारलं होतंस?"

"मेलेल्यांना काय विचारू!"

"आईला पण कुणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "आणि ती जिवंत होती."

मी एवढंच विचारलं, सकाळी किती वाजता निघायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पट्टी बांधलेला हात घेऊन पुरातत्त्व खात्यात गेला. गाडी मीच चालवली, कारण त्याला गिअर टाकता येईना, आणि कारण मला लाज वाटत होती. तिथे एर्सिलिया पगानो नावाच्या बाई होत्या, वय पस्तिशीचं, नखांत माती. आमच्याकडे शिकलेल्या कुणालाही डॉक्टर म्हणतात, म्हणून त्या डॉक्टरीणबाई.

"हाताला काय झालं?" त्यांनी विचारलं.

"पास्ता," प्रोकोलो म्हणाला. "बाई, दोन थडगी लिहून घ्या. एक रुओप्पोलोच्या कामावर, ते गुरुवारी काँक्रीटखाली जाईल, तेव्हा आधी तिकडे पळा. दुसरं माझ्या स्वयंपाकघरात, सिंकखाली. घराला परवाना नाही, तेही लिहा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "काका, शेवटचं वाक्य मी ऐकलं नाही."

"मग मी पुन्हा सांगतो," प्रोकोलो म्हणाला, आणि पुन्हा सांगितलं, शब्दन् शब्द. कुणाची मेहेरबानी नको होती त्याला.

रुओप्पोलोचं काम त्याच दुपारी बंद झालं. लिंबाच्या बागेत पुढे चौदा थडगी निघाली. मला शुक्रवारी घरी बसवलं.

स्वयंपाकघरातलं खणकाम अकरा दिवस चाललं. प्रोकोलोने स्वतः, एका हाताने, पहार लावून सिंक काढलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. डॉक्टरीणबाई खड्ड्यावर आडव्या टाकलेल्या फळीवर पालथ्या पडून, चमचा आणि ब्रश घेऊन माती काढायच्या. निघालेली माती प्रोकोलो अंगणात चाळायचा. रुसिनेल्लाने शेगडी लिंबाखाली नेली आणि तिथून ओरडायची, "बाई, उठा आता, मेलेली कुठे पळून जात नाही, जेवण गार होतंय!"

खाली तसाच कौलांचा तंबू होता. फक्त या कौलांवर बोटभर जाडीचा, पांढरट, कडक थर साचला होता. बाईंनी तो खरवडला, वास घेतला. "असा थर मी कधीच पाहिलेला नाही. चुना आहे, आणि आणखी काहीतरी."

"पास्त्याचं पाणी," रुसिनेल्ला दारातून म्हणाली. "अठ्ठावीस वर्षांचं. लिहा तुमच्या वहीत, मला लपवायचं नाही."

बाईंनी लिहिलं. मग त्यांनी आम्हाला सांगितलं, की त्या काळचे लोक थडग्यात असा नळ मुद्दाम ठेवायचे. सणावारी घरची माणसं यायची, थडग्यापाशी बसून जेवायची आणि नळातून खालच्याला पाणी द्यायची, वाइन द्यायची. रुसिनेल्लाने डोळ्यांना अॅप्रनचं टोक लावलं आणि ती आत निघून गेली.

सातव्या दिवशी कौलं उचलली. हाडं बाईची होती. म्हातारी, दात थोडे, गुडघे झिजलेले. रुसिनेल्ला स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून बघत राहिली. जबड्यापाशी एक हिरवं पडलेलं नाणं, पायाशी मातीचा दिवा, हाडाची एक सुई. आणि पाइपाच्या तोंडाशी, कौलांच्या फटीत, आमच्या काळातला ऐवज. कॉफीचे दोन चमचे, संत प्रोकोलोचं एक पदक, आणि एक सोन्याचं कानातलं.

ते कानातलं एक्क्याऐंशी साली एका बारशाला हरवलं होतं. रुसिनेल्लाने चोरीचा आळ माझ्या बायकोवर घेतला होता आणि अठरा वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं. मी तितीनाला फोन केला. ती आली, दारात उभी राहिली, कमरेवर हात. "मग?"

"मग काय," रुसिनेल्ला म्हणाली. "चुकले. ये, बस, कॉफी घे. चमचेपण सापडलेत."

नवव्या दिवशी पालिकेची नोटीस आली. विनापरवाना बांधकाम पाडण्याची. रुओप्पोलोने तसदी घेतलीच होती, हे सांगायला नको. पन्नास दिवसांत घर रिकामं करा, असं त्यात लिहिलं होतं. शेजारी म्हणाले, जा, हात जोड, कुणाला तरी भेट. प्रोकोलोने ती नोटीस सिंकच्या जागेवर, भिंतीला खिळ्याने ठोकली. रात्री झोप लागत नव्हती त्याला, हे रुसिनेल्लाने मला सांगितलं. दिवसा मात्र तो शीळ घालत माती चाळायचा.

अकराव्या दिवशी हाडं नेण्याची वेळ आली. बाईंनी एकेक हाड कागदात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवलं. मग एक कागद पुढे केला. "काका, इथे सही. अवशेष हलवायला तुमची हरकत नाही म्हणून."

प्रोकोलो पेटीवर बसला नाही, पण पेटी आणि दार यांच्या मध्ये उभा राहिला.

"कुठे नेताय?"

"खात्याच्या गोदामात."

"गोदामात कुठे?"

"आता ते तिथे गेल्यावर ठरेल. मग कळवू."

"मग नाही," प्रोकोलो म्हणाला. त्याचा आवाज चढला, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. "आधी चढा, मग कळेल, हे मी एकदा ऐकलंय. या घरातून पुन्हा कुणी असं जाणार नाही. मेलेलंसुद्धा नाही. आधी पत्ता लिहा. कुठली खोली, कुठलं कपाट, कुठला खण. मग उचला."

दोन मजूर पेटी उचलायला वाकले होते, ते तसेच थांबले. मला वाटलं बाई चिडतील. त्यांनी गोदामात फोन लावला, दहा मिनिटं वाद घातला, आणि एका चिठ्ठीवर लिहून दिलं. तिसरी शेड, सातवं कपाट, खालून दुसरा खण, पेटी एकशे बारा. खाली सही, शिक्का. प्रोकोलोने चिठ्ठी दोनदा वाचली आणि मग सही केली. रुसिनेल्लाने पेटीवर थंड पाण्याचे चार थेंब शिंपडले. मजूर निघाले तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बायका दारात उभ्या होत्या.

ती चिठ्ठी त्याने नोटिशीच्या शेजारी ठोकली. सोमवारी रुसिनेल्ला आता देवळाऐवजी गोदामाच्या फाटकाशी जाते. आत सोडत नाहीत, तर पहारेकऱ्याच्या टेबलावर पाण्याची गार बाटली ठेवून येते. पहारेकरी ती पितो. ती म्हणते, पिऊ दे, कुणाच्या तरी घशात जातंय ना.

पन्नास दिवस संपल्यावर पालिकेचा माणूस आला, हातात सीलचं सामान, बरोबर दोन शिपाई. मीही होतो, तितीना होती, गल्ली होती. प्रोकोलोने त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. त्या माणसाने भिंतीवरची आपली नोटीस ओळखली. मग बाजूच्या चिठ्ठीकडे बोट केलं. "हे काय आहे?"

"शेजारणीचा पत्ता," प्रोकोलो म्हणाला. "ती इथे खाली राहायची. तिला हलवायचं होतं, तर आधी तिने आपला नवा पत्ता लिहून घेतला. खोली, कपाट, खण, शिक्क्यासकट. मेलेल्या बाईला तुमच्या सरकारने दिला." त्याने खुर्ची ओढली, टेबलावर कोरा कागद ठेवला, त्यावर पेन ठेवलं. "आता माझा लिहा. मी आणि माझी बायको उद्यापासून कुठे झोपणार? रस्ता, घर नंबर, मजला. लिहा, शिक्का मारा, मी स्वतः दार लावून किल्ली देतो."

तो माणूस कागदाकडे बघत राहिला. एक शिपाई खाकरला. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "लिहा की!" मग आणखी कुणीतरी, मग सगळी गल्ली. मीही ओरडलो, आणि आयुष्यात मुकादम म्हणून कधी ओरडलो नव्हतो इतक्या जोरात ओरडलो.

त्याने सीलचं सामान पिशवीत भरलं आणि वरिष्ठांना विचारून येतो म्हणाला. तो अजून विचारतोय. त्या गोष्टीला सहा वर्षं झाली. कागद आणि पेन टेबलावर तसेच आहेत, आणि जेवायच्या वेळी रुसिनेल्ला ते उचलून फ्रिजवर ठेवते, जेवण झालं की परत आणून मांडते.